उपलब्ध दिवाणखाना

रविवार, दिनांक ६ जानेवारी २००२ रोजी दुपारी चार वाजण्यास दहा मिनिटे कमी असताना, सातारा येथील स्नेहवर्धिनी गृहरचना संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरील आमच्या दिवाणखान्यात, म्हणजे ज्या खोलीवर आठवड्यातून निदान दोन तास माझा लेखी हक्क होता त्या खोलीत, दोन पेटलेल्या शेगड्या होत्या आणि बसायला जागा नव्हती.

"कुमुद, चार वाजत आले."

"घड्याळ दिसतंय मला."

"मंडळी येतील."

"येऊ देत की. चपला बाहेर काढायला सांगा आणि दार लगेच लावून घ्या."

"बसतील कुठे?"

माझ्या पत्नीने परातीतून बोटे न काढता सभोवार पाहिले. कोचावर चार मुकुट होते. माझ्या आरामखुर्चीत बाजूबंद होते. पुस्तकांच्या कपाटाच्या दोन्ही दारांवर अर्धवट ओवलेले हार लोंबत होते. सारे हलव्याचे, पांढरेशुभ्र.

"खाली," ती म्हणाली. "सतरंजी आहे."

ज्यांनी हलवा केवळ खाल्ला आहे, त्यांना तो कसा होतो हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तीळ परातीत घेऊन राख पांघरलेल्या निखाऱ्यांवर ठेवायचे, साखरेचा पाक एक चमचा घालायचा, तो वाळेपर्यंत बोटांनी हलवत राहायचे. वाळला की दुसरा चमचा. असे दोन-तीन दिवस. हवा थंड व कोरडी असेल, आणि हात घाईचा किंवा आळशी नसेल, तर अखेरीस प्रत्येक तिळावर साखरेचे बारीक काटे उभे राहतात. हवेत ओल असली, तर तीळ गुळगुळीत राहतात आणि तीन दिवसांची मेहनत फुकट जाते. ह्या हलव्याचे मुकुट, हार, तोडे, कंबरपट्टे ओवून लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनांना घालतात. कुमुदने चार वर्षांपूर्वी आपल्या भाचीसाठी एक संच केला. दुसऱ्या वर्षी पाच झाले, तिसऱ्या वर्षी अकरा. मी शाळेतून तीस वर्षांच्या मराठी-अध्यापनानंतर निवृत्त होऊन घरी आलो, तेव्हा घर आधीच नोकरीला लागले होते.

संक्रांतीआधीचा महिनाभर आमच्या घरी वाफ निषिद्ध असे. कुकर लावायचा नाही. भात सकाळी सहाला, स्वयंपाकघराचे दार बंद करून. स्नानास कोमट पाणी. चहा गच्चीवर. एकदा मी अंधुक प्रकाशात कोचावर बसलो आणि कुणा नववधूच्या कंबरपट्ट्याचा भुगा झाला. त्या प्रकरणी माझी बाजू कुणीही ऐकून घेतली नाही. गिऱ्हाइके भर जेवणाच्या वेळी दार वाजवत. "घरीच तर असता, म्हटलं आत्ता नक्की सापडाल," असे म्हणत आत येत आणि माझ्या ताटाकडे पाहून "चालू दे, चालू दे" अशी मला माझ्याच घरात परवानगी देत. दूरध्वनी तर माझा उरलाच नव्हता.

"हलवेवाल्यांचं घर का?"

"हे आठल्ये यांचे घर आहे."

"हां, तेच. हलवेवाले आठल्ये."

ह्या संवादानंतर, आदल्या दिवाळीत, मी करारनामा लिहिला. सात कलमे होती आणि एकही शब्द सैल नव्हता, अशी माझी समजूत होती. कलम तीनप्रमाणे दर रविवारी दुपारी चार ते सहा या वेळात दिवाणखाना आमच्या गद्यप्रेमी मंडळाच्या बैठकीस उपलब्ध राहणार होता. कलम सातप्रमाणे, येत्या संक्रांतीची मोठी मागणी वेळेवर व निर्दोष पूर्ण न झाल्यास सदर व्यवसाय घराबाहेर हलवण्यात येणार होता अथवा बंद करण्यात येणार होता. घराबाहेर हलवण्याइतकी ऐपत कुणाचीच नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. कुमुदने तो कागद दोनदा वाचला, एक वेलांटी चुकल्याचे मला दाखवले आणि सही केली.

ती मोठी मागणी म्हणजे घोरपडेवहिनींची. त्यांच्या महिला मंडळाने एकवीस नव्या सुनांचे एकत्र हळदीकुंकू ठरवले होते आणि एकवीस संच बुधवारी सकाळी अकरा वाजता त्यांना न्यायचे होते. वहिनींची एकच अट होती. "काटा हवा बाई. गुळगुळीत दाणे मला कुठल्याही दुकानात मिळतात." सतरा संच तयार होते. उरलेल्या चारांचा हलवा गुरुवारी परातीत असतानाच आभाळ भरून आले आणि शुक्रवारी तो साबुदाण्यासारखा गुळगुळीत निघाला. शनिवारी नव्या तिळांवर पाकाचा पाया घातला. रविवारी सकाळी आकाश निवळले. सोमवारपासून पुन्हा ढग येणार, असे आकाशवाणीने सांगितले. काटा फुटायचा तो आजच. आणि मदतीला येणाऱ्या शेवंताबाई भाचीच्या साखरपुड्याला कोरेगावला गेलेल्या.

गुरुवारी ते ढग आले तेव्हा मी गच्चीवर चहा घेत होतो. त्यांच्याकडे पाहून मला वाईट वाटले, असे मी म्हणणार नाही.

"कलम तीन," मी म्हणालो.

"पाठ आहे मला. 'उपलब्ध राहील.'"

"मग?"

"आहे की उपलब्ध. 'रिकामा राहील' असं कुठे लिहिलंय? तुम्हीच लिहिलंत ना?"

'उपलब्ध' म्हणजे प्राप्त झालेला, मिळालेला, रिकामा नव्हे. तीस वर्षे मुलांना शब्दाचा नेमका अर्थ शिकवल्यावर मला तो नाकारता येईना. इतक्यात दार वाजले.

आमच्या मंडळात तेव्हा तीन सभासद उरले होते. एक मी. दुसरे धामणकर, एका साप्ताहिकाचे निवृत्त उपसंपादक, ज्यांच्या मते सहा शब्दांपलीकडे वाक्य गेले की लेखक पळपुटा. तिसरे तांबवेकर, तहसील कचेरीतील निवृत्त अव्वल कारकून, जे आम्हा दोघांच्या वादात दोन्ही बाजूंनी मान डोलावीत आणि लेखी आदेशाशिवाय आयुष्यात काहीही न केल्याचा ज्यांना अभिमान होता.

"अरे वा! आज यज्ञ आहे वाटतं," धामणकर म्हणाले.

"दार लावा आधी भावजी," कुमुद म्हणाली. "चहा मिळणार नाही. वाफ चालत नाही."

"आणि आठल्यांच्या तोंडची वाफ?"

"ती कोरडी असते."

तांबवेकर हसले, मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले.

आम्ही सतरंजीवर बसलो. कुमुद एका परातीचे तीळ हलवी, तोच दुसरी तापे. दुसरीकडे वळे, तोच पहिलीतला पाक आळे. दोन परातींना एक माणूस पुरत नव्हता, हे मलाही दिसत होते. तिने आम्हा तिघांकडे पाहिले, आणि तिची दृष्टी सर्वांत आज्ञाधारक माणसावर स्थिरावली.

"तांबवेकरभावजी, हात धुऊन या. कोरडे करून."

"मी?"

"नुसतं बोटांनी फिरवायचं, दाबायचं नाही. मी सांगितलं की एक चमचा पाक."

तांबवेकर खरोखरच बसले. त्यांचा हात हलका निघाला. तीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवर वजन न देता फिरलेला हात होता. अडचण दुसरीच होती.

"आता घालू?"

"नाही."

"आता?"

"अजून ओलं आहे."

"आता?"

"अहो भावजी, माझं मोजणं चुकतंय!" कुमुदने हाताच्या पाठीने कपाळ पुसले. "असं करा. तुमची बैठक चालू करा. जो वाचेल त्याचं वाक्य संपलं, की एक चमचा. मला विचारू नका."

"पूर्णविरामाला?" तांबवेकरांनी खात्री करून घेतली. "हा आदेश समजू?"

"समजा."

त्या रविवारी वाचनाची पाळी धामणकरांची होती. त्यांनी खिशातून आपल्या नव्या कथेचे कागद काढले, चष्मा लावला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहून सुरुवात केली.

"'तो उठला. दार उघडलं. कुणी नव्हतं. कुत्रं भुंकलं. तो हसला.'"

पाच वाक्ये, पाच चमचे. तांबवेकर आदेशाचे पक्के होते.

"'पुन्हा बसला. विडी पेटवली. विझली.'"

"थांबा, थांबा!" कुमुद आपली परात सोडून धावली. दुसऱ्या परातीत तिळाचे आवळ्याएवढे गोळे झाले होते आणि तांबवेकरांची तीन बोटे एकमेकांना चिकटली होती. "हे काय केलंत?"

"आठ पूर्णविराम झाले, वहिनी. मी मोजले."

"ही शैलीची गती आहे," धामणकर म्हणाले.

"गती राहू दे. आता ते गोळे फोडत बसा. हलक्या हातानं. तीळ तुटता कामा नये."

धामणकर आपल्या शैलीचे गोळे फोडू लागले. मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही, असे मला वाटते. कुमुद म्हणते, दिसत होता. पण तिला त्या वेळी माझ्या चेहऱ्याशी कर्तव्य नव्हते. ती परातीकडे पाहत मला म्हणाली,

"तुमची ती वही आणा."

"कोणती?"

"ती हो. निळी. जाडी."

ती वही म्हणजे 'पूर्णविरामाची प्रतिष्ठा' ह्या माझ्या ग्रंथाचे हस्तलिखित. नऊ वर्षे मी ते लिहीत होतो. दोन प्रकाशकांनी ते परत पाठवले होते, त्यांपैकी एकाने न उघडता. धामणकरांनी तीन पाने ऐकून 'दम लागला' असे सांगितले होते. कुमुदला मी पहिले पान एकदा वाचून दाखवले, तेव्हा ती गवार मोडत होती; पान संपण्यापूर्वी गवार संपली आणि ती उठून गेली. आणि आता ती स्वतः होऊन वही मागत होती. मी ती आणायला किती वेगाने गेलो हे सांगणे माझ्या वयास शोभणार नाही.

"दुसरे प्रकरण घेतो," मी म्हणालो. "'ज्याप्रमाणे घाटमाथ्यावरून उतरणारा वाटसरू, खाली दिसणारे गाव आता आलेच असे प्रत्येक वळणावर समजत असूनही, वळणामागून वळण घेत, ओढे ओलांडत, क्वचित एखाद्या झाडाखाली दम खात, अखेरीस दिवेलागणीस त्याच गावाच्या वेशीत पाऊल ठेवतो, आणि ठेवताच मागची सारी वळणे त्याला एकच वाट होती असे वाटू लागते, त्याप्रमाणे सुघटित वाक्याचा वाचकही, उपवाक्यांच्या वळणांनी न थकता, उलट प्रत्येक वळणावर नवे काही पाहत, शेवटी क्रियापदापाशी पोहोचतो.'"

"पोहोचला एकदाचा!" धामणकर म्हणाले.

तांबवेकरांनी एक चमचा घातला. कुमुदने दोन्ही परातींत बोट फिरवून पाहिले.

"वाळलं होतं," ती म्हणाली. "बरोब्बर. पुढचं."

'पुढचं' हा शब्द माझ्या ग्रंथाच्या संदर्भात तोपर्यंत कुणीही उच्चारला नव्हता.

मी वाचत गेलो. एक वाक्य, एक चमचा. वाचता वाचता मलाही लय सापडली. वाक्याच्या मध्यावर परातीतला ओला चकाकणारा तीळ फिका पडू लागे, उत्तरार्धात तो सुटा होई, आणि क्रियापद येईपर्यंत कोरडा खुळखुळाट ऐकू येई. एकदाच खोळंबा झाला.

"'...अशा वेळी लेखकाने संयम राखावा.'"

"एवढंच?" कुमुद म्हणाली. "अहो, अजून ओलं आहे."

"मूळ वाक्यात आणखी दोन उपवाक्ये होती. धामणकरांच्या आग्रहावरून मी ती खोडली."

"घाला परत."

"वहिनी, त्यानं वाक्य बोजड होतं—" धामणकर.

"तुम्ही गोळे फोडा, भावजी. घाला हो परत."

मी समासात खोडलेली दोन उपवाक्ये डोळे बारीक करून वाचली आणि वाक्य पूर्ववत केले. तांबवेकरांनी चमचा घातला. मला वाटते, माझ्या आयुष्यातील संपादनविषयक सर्वांत न्याय्य निर्णय तोच असावा.

साडेपाच झाले, पावणेसहा झाले. काटा फुटला नव्हता. तिळाचा आकार वाढला होता, पण अंग अजून गुळगुळीत होते. धामणकर थट्टा करायचे थांबले होते. दिवाणखान्यात निखाऱ्यांची ऊब होती, खिडकीबाहेर कोरडी थंडी होती, आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. पाणी पिण्यापुरते थांबावे म्हटले, तर तांबवेकर चमचा हवेत धरून माझ्याकडे पाहत.

भिंतीवरच्या घड्याळात सहाचे ठोके पडले.

तांबवेकर उठले. ह्यात त्यांचा दोष नव्हता. ते आयुष्यभर सहाला उठत आले होते. धामणकरांनीही गुडघ्यावर हात ठेवला. माझे प्रकरण तिसरे नेमके संपले होते. मी वही मिटली, आणि मिटल्यावर माझ्या लक्षात आले की कुमुद माझ्याकडे पाहत नाही. ती दोन्ही हातांनी दोन परातींतले तीळ फिरवत होती, आणि चमचा तोंडात धरावा की काय ह्या विचारात असल्यासारखी दिसत होती. तिने मला थांबा म्हटले नाही. कलम तीनप्रमाणे बैठक सहाला संपत होती. ह्यापुढे काही मागायचे, तर ते करारात नव्हते. आणि करारात जे नव्हते ते ती माझ्याकडे मागणार नव्हती. सातव्या कलमाचे भवितव्य त्या दोन परातींत होते. काटा न फुटता, तर बुधवारपासून मला घरात कुकर मिळाला असता, कोच मिळाला असता, आणि दूरध्वनीवर कुणी मला केवळ आठल्ये म्हटले असते.

तिची उजव्या हाताची बोटे लाल झाली होती. टोकांना पाकाच्या चटक्याचे तीन पांढरे ठिपके मला दिसले. ते सारे आजचे नव्हते. गुरुवारचेही असावेत.

"बसा," मी म्हणालो.

"सहा झाले," तांबवेकर.

"बैठकीची वेळ वाढवण्यात येत आहे."

"लेखी?"

"तांबवेकर, बसा हो!" हे धामणकर बोलले. त्यांनी स्वतःच दुसऱ्या परातीतून चार दाणे उचलून उजेडात धरले आणि पुन्हा ठेवले. "वाचा, आठल्ये. मोठं घ्या एखादं."

मी वही उघडली. "'प्रकरण चौथे. अल्पविरामाचे उपकार.'"

चौथे प्रकरण संपूर्ण ग्रंथात सर्वांत दीर्घ आहे. त्यातील एक वाक्य दोन पाने चालते. ते वाचताना कुमुदने पाक घालण्याच्या दोन जागा अल्पविरामांवर स्वतःच ठरवल्या, आणि मी त्यास हरकत घेतली नाही. साडेसातच्या सुमारास, मी पाचव्या प्रकरणाच्या दुसऱ्या परिच्छेदात असताना, तिने हात वर केला. मी थांबलो. तिने तळहातावर थोडे दाणे घेतले, दिव्याखाली नेले, आणि गालावर हळूच फिरवले.

"आला," ती म्हणाली.

आम्ही तिघे पुढे सरलो. प्रत्येक तिळावर साखरेचे बारीक, टोकदार, सरळ काटे उभे होते. दोन्ही परातींत. धामणकरांनी फोडलेल्या गोळ्यांतल्या दाण्यांवरसुद्धा, जरा कमी.

"माझ्या दाण्यांवर आखूड आलेत," ते म्हणाले.

"शैली," मी म्हणालो.

बुधवारी अकराला पाच मिनिटे असताना घोरपडेवहिनी आल्या. त्यांनी आल्याआल्या चपला बाहेर काढल्या आणि दार स्वतः लावून घेतले. त्या अनुभवी बाई होत्या. एकवीस संच कोचावर, खुर्च्यांवर आणि माझ्या लेखनाच्या टेबलावर मांडले होते. वहिनींनी एकेका हाराला बोट लावले, शेवटच्या चारांना दोनदा लावले, आणि एक सुटा दाणा जिभेवर ठेवून डोळे मिटले. मी आतल्या दारात उभा होतो. मी परीक्षेला बसलेल्या मुलांचे चेहरे तीस वर्षे पाहिले होते. त्यांना कसे वाटत असेल ह्याचा विचार त्या दिवशी प्रथम केला.

"काटा आहे," वहिनी म्हणाल्या. "गुरुवारच्या ढगानंतर मला खात्री नव्हती, खरं सांगते. दुसरीकडे विचारूनही ठेवलं होतं. शेवंताबाई पण नव्हत्या ना? मग हात कुणाचा लागला?"

"ह्यांचा," कुमुद म्हणाली.

"म्हणजे भावजी परात हलवतात?"

"नाही. वाचतात."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी नमस्कार केला. पुढे काही विचारावे की नाही हे त्यांना ठरवता आले नाही.

"बरं, सासूबाईंसाठी चव बघायला थोडा द्याल? पुडीत बांधून?"

कुमुदने टेलिफोनखालचा खण ओढला, वरचाच कागद घेतला, त्याची शंकूसारखी पुडी वळली आणि तीत मूठभर हलवा भरला. पुडीच्या बाहेरच्या बाजूला मला माझे अक्षर दिसले. 'कलम सात', आणि त्याखाली दोन सह्या. कडेची घडी दुमडताना तिची बोटे क्षणभर त्या अक्षरावर थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. त्या कागदाच्या मालकीविषयी, त्याच्या दोन प्रती असण्याच्या आवश्यकतेविषयी आणि एकतर्फी विल्हेवाटीच्या वैधतेविषयी मला निदान तीन मुद्दे सुचले. मी वहिनींसाठी दार उघडले.

त्या गेल्यावर घर अकस्मात मोठे झाले. कोच दिसू लागला. मी त्यावर बसलो; काही मोडले नाही. कुमुद खिडकीशी बसून तुटका दोरा गुंडाळत होती. रविवारपासून तिने ग्रंथाविषयी चकार शब्द काढला नव्हता. तीन तास तिने तो ऐकला होता, इतका वेळ तो आजवर कुणीही ऐकला नव्हता, आणि मीही दोन दिवस धीर धरला होता.

"कुमुद."

"हं."

"ग्रंथ कसा वाटला?"

तिने दोऱ्याला गाठ मारली आणि उरलेला भाग दातांनी तोडला.

"पुरला," ती म्हणाली.